चंद्रीच्या अंगावरचं नाव

माझा धाकटा भाऊ ऋतुराज कित्येक वर्षं दुसऱ्याच्या स्टुडिओत राबला. लग्नाचे फोटो यानं काढायचे आणि अल्बमवर नाव मालकाचं. म्हणून स्वतःचं काम सुरू करताना त्याची एकच अट होती. वेबसाईट उघडली की आधी त्याचं नाव दिसलं पाहिजे, ठसठशीत.

वेबसाईट मी केली. पहिल्या पानावर त्यानंच दिवाळी पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत टिपलेली, आमच्या गल्लीतल्या धोंडुबाईंची म्हैस घेतली, चंद्री. रंगवलेली शिंगं, मोरपिसं आणि स्क्रीनभर काळंकुळकुळीत अंग. त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'ऋतुराज' असं काही उठून दिसलं की मी स्वतःवरच खूश झाले.

राहिली धोंडुबाईंची परवानगी. त्या नको म्हणाल्या तर फोटो काढून टाकायचा, असा शब्दच ऋतुराजनं दिला होता. बाई आल्या, चहा घेऊन स्क्रीनसमोर बसल्या. मी मेनू दाखवला, रंग समजावले, खाली सरकवून लग्नाचे फोटो दाखवले. बाईंनी मला पुन्हा वर, चंद्रीवर आणायला लावलं.

"म्हस माझी हाय न्हवं?" त्यांनी ऋतुराजला विचारलं.

"व्हय की, मावशी."

"मग तिच्या अंगावर तुझं नाव कुणी रंगवलं?"

पाडव्याला म्हशीच्या अंगावर रंगवतात ते नाव मालकाचं, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळतं. नाव म्हशीवर नाही, फोटोवर आहे, असं मी परोपरीनं सांगितलं. बाईंनी पदर खोचला. नाव वर सरकवलं तर ते शिंगांवर चढलं. खाली घेतलं तर म्हशीच्या पायाशी आलं, आणि तिथं ऋतुराजच फुगून बसला. मला दोघांचाही भयंकर राग आला. दुसरा फोटो टाकू म्हटलं, तर हा चंद्रीकडं बघतच राहिला. असा फोटो पुन्हा मिळणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

"ताई, मावशींचंच नाव घाल," तो शेवटी म्हणाला.

घातलं. अक्षरं तेवढीच मोठी. ऋतुराज गेला पार तळाला, फोन नंबराशेजारी. बाई खुशीत दुसऱ्या कपाला थांबल्या.

आठवडाभरात गडहिंग्लजहून पहिला फोन आला. फोन करणाऱ्यांच्या घरी लग्न होतं.

"धोंडुबाईंचा स्टुडिओ न्हवं? बाईंनी म्हशीचा फोटू नादखुळा काढलाय. लग्नाला त्या सोताच येतील न्हवं?"

ऋतुराजनं माझ्याकडं खाऊ की गिळू असं बघितलं. मग घसा साफ केला.

"त्या न्हाय येत, पावणं. मी येतो," तो म्हणाला. "मी त्यांच्याकडंच कामाला हाय."