गोपिकाच्या पायातली एकटी पेशी

मित्रांनो, मी जुनी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या कुरकुरीचा तुम्हाला राग येणार नाही. मी एक पेशी आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. माझा मुक्काम गोपिकाच्या उजव्या पायात, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधल्या कातडीत आहे. तुमच्या शास्त्राच्या पुस्तकात मला मास्ट पेशी म्हणतात. नाव रुबाबदार आहे, पण त्या नावाने आजवर मला कोणी हाक मारलेली नाही.

गोपिका एकोणीस वर्षांची आहे. कामठीच्या अलीकडे तिच्या वडिलांची, नत्थूभाऊंची, भाजीची वाडी आहे. पालक, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, निघते ती नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात जाते. माझा जन्म मात्र वाडीतला नाही. मी गोपिकाच्या कमरेच्या हाडात, तिथल्या मगजात जन्मले. कच्ची होते तेव्हाच रक्ताबरोबर वाहत निघाले, पायापर्यंत आले आणि इथे उतरले. रक्तातल्या पेशींची मजा असते. त्या दिवसभर फिरतात, हृदय बघतात, फुफ्फुस बघतात. आमचं तसं नाही. आम्ही एकदा बसलो की बसलो. माझ्या एका अंगाला बारीक रक्तवाहिनी आहे आणि दुसऱ्या अंगाला मज्जातंतू. बाहेरचं बोलणं मला कसं कळतं असं विचाराल तर ती या मज्जातंतूची कृपा. त्याला सगळ्या घराच्या बातम्या असतात.

आता माझं काम ऐका. वाण्याच्या दुकानात पुड्या बांधून ठेवतात ना, तसे माझ्या पोटात शेकडो दाणे भरलेले असतात. त्यात हिस्टामिन नावाचा पदार्थ असतो. कातडीतून कोणी परका आत शिरला की मी ते दाणे फोडते. लगेच शेजारची रक्तवाहिनी रुंद होते, जागा सुजते, लाल होते, आणि मदतीला येणाऱ्या पेशींना बाहेर पडायला वाट मिळते. मज्जातंतूही हलतो आणि माणसाला खाज सुटते. खाज म्हणजे माझं ओरडणं. मला दुसरा आवाजच नाही.

आणि हा आवाज कोणाला आवडतो सांगा बरं? डास चावला तर लोक डासाला एक शिवी देतात आणि मला चार. वर नखं लावतात ती वेगळीच. तरी त्या दिवसांत मला काही वाटत नव्हतं, कारण आम्ही पुष्कळ जणी होतो. त्या चिमूटभर कातडीत माझ्या कितीतरी बहिणी बसलेल्या होत्या. एकमेकींशी बोलायची सोय नव्हती, पण एकीने दाणे फोडले की दुसरी फोडायची. आपल्या हाकेला कोणी ओ देतंय, एवढं पुरायचं.

गेल्या जूनमध्ये गोपिकाने पोलीस भरतीचा फॉर्म भरला. तिच्या घरात आजवर कोणी वर्दी घातलेली नाही. नत्थूभाऊंनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, “एक वर्ष देतो तुले, पोरी. जमलं तं जमलं. नाही तं मग वाडीवर ये, मले एकट्याले होऊन नाही राहिलं.” म्हणून एकच वर्ष हातात होतं. आठशे मीटर पळायचं होतं. त्याला सगळे ‘ग्राउंड’ म्हणत.

तिची आई, रुख्मिणीबाई, हौसेने बूट घेऊन आली. पांढरे, निळ्या पट्ट्याचे. पण आपल्याकडे नवी वस्तू लगेच वापरायची पद्धत नाही. बूट ग्राउंडच्या दिवसासाठी खोक्यात ठेवले आणि गोपिका रोज पहाटे वाडीच्या पाटाच्या कडेने अनवाणी पळू लागली. कुंपणाच्या त्या बाजूला येणारे-जाणारे लोक उघड्यावर शौचाला बसत. माती ओली होती, सावलीची होती. जंतांची अंडी अशाच मातीत फुटतात, हे बूट जपून ठेवणाऱ्या त्या माउलीला कुठून माहीत असणार?

त्या आल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. अंकुशकृमीच्या अळ्या. दिसायच्या नाहीत इतक्या बारीक, पण आम्हा पेशींच्या मानाने अजस्र. अंगावरची साल टाकून देऊन त्या कातडी फोडत आत घुसल्या. वरच्या थरातल्या जखमी पेशींनी आधी सूचना दिली आणि मी पोटातले दाणे एकदम मोकळे केले. माझ्यामागून माझ्या बहिणींनी केले. पाय सुजला, रक्तवाहिनीची दारं उघडली आणि दुपारपर्यंत इओसिनोफिल येऊन पोचल्या. या पांढऱ्या पेशी जंतांच्याच कामाच्या. इतकी मोठी अळी गिळता येत नाही, म्हणून त्या पाच-सहा जणी मिळून तिला चिकटतात आणि आपल्या पोटातलं जहर तिच्या अंगावर ओततात. काही अळ्या मेल्या, काही रक्तात निसटल्या. पहिल्या दिवशी एवढंच जमतं, मित्रांनो. पण एकदा चेहरा कळला की शरीर त्यांच्यासाठी खास प्रतिद्रव्यं तयार करतं, ती माझ्या अंगावर येऊन बसतात, आणि पुढच्या खेपेला मी दुप्पट जोराने ओरडते. मी मोठ्या आशेने दाणे परत भरायला घेतले.

गोपिका उंबऱ्यावर बसून पाय खाजवत होती. रुख्मिणीबाई म्हणाली, “काहून एवढी खाजवून राहिली वं? चिखल्या झाल्या असतील. थांब, ट्यूब देतो.”

ती ट्यूब तुमच्याही घरात असेल, फ्रिजवर किंवा आरशामागे. कोणासाठी तरी कधीतरी आणलेली आणि मग घरभर कशालाही चालणारी. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. त्या मलमात स्टेरॉइड असतं. डॉक्टरांनी सांगितलं तर त्याचा उपयोग आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते लावल्यावर माझे दाणे पोटातच राहिले, इओसिनोफिलना निरोप गेला नाही, आणि दहा मिनिटांत गोपिका म्हणाली, “बरं वाटते आता.”

तिला बरं वाटत होतं आणि अळ्या रोज पहाटे आत येत होत्या. मी बघत होते. ओरडायला तोंड उघडावं तर वरून मलम. जुलै गेला, ऑगस्ट गेला, आणि ट्यूबमागून ट्यूब आली. ते मलम महिनोन्‌महिने लागलं की मास्ट पेशी हळूहळू मरतात. माझ्या बहिणी एकेक करून गेल्या. आज उजवीकडची जागा रिकामी, उद्या मागची. एकदा मी मच्छर चावला म्हणून होते नव्हते तेवढे दाणे फोडून बघितले. कोणीही ओ दिली नाही. तेव्हा मला कळलं की या बेचक्यात मी एकटीच उरले आहे. मला रडायला डोळे नाहीत, पण सांगते, इतकं वाईट मला नखांनीही कधी वाटलं नव्हतं.

निसटलेल्या अळ्या फुफ्फुसातून घशात, घशातून आतड्यात गेल्या, तिथे दात रोवून बसल्या आणि गोपिकाचं रक्त पिऊ लागल्या. मी आतडं कधी पाहिलं नाही. पण माझ्याजवळून वाहणारं रक्त रोज फिकं होत होतं, ते मला कळत होतं.

मैदानावर ताराचंद सर घड्याळ लावायचे. ते पलटणीतून निवृत्त झालेले, आता पोरींना फुकट शिकवतात. जुलैत गोपिका तीन मिनिटं दहा सेकंदांत येत होती. दसऱ्याला साडेतीन झाली. दिवाळीत चारच्या जवळ गेली.

“मन कुठं आहे तुझं, बेटा?” सर म्हणाले.

“सर, मले दमच पुरून नाही राहिला.”

घरी कोणी म्हणालं मोबाइल पाहते, कोणी म्हणालं जेवत नाही. रुख्मिणीबाईने टॉनिक आणलं. नत्थूभाऊंनी वाडीतला एक विळा, मूठ तिच्या हाताला बसेल अशी बारीक करून, घरी आणला. गोपिकाने तो पाहिला आणि ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मला खरं कारण माहीत होतं. साऱ्या नागपुरात त्या क्षणी ते फक्त मला माहीत होतं, आणि मी सांगू कोणाला?

मग भाऊबीज आली. रुख्मिणीबाई माहेरी गेली आणि आठ दिवस राहिली. तिच्यामागे ट्यूब संपली. गोपिकाला ती आणायचं सुचलं नाही. दोन दिवसांत मला हुशारी वाटू लागली. मी कसून दाणे भरले. आणि सातव्या दिवशी पहाटे पुन्हा अळ्या शिरल्या. मित्रांनो, मी काहीही मागे ठेवलं नाही. जेवढं होतं तेवढं एका दमात फोडलं.

गोपिका मैदानाच्या दुसऱ्या फेरीत खाली बसली आणि पाय रक्त येईस्तोवर ओरबाडू लागली. ताराचंद सर धावत आले आणि त्यांनी तिचा पाय हातात घेतला.

“सर, पायाले हात नका लावू,” ती संकोचून म्हणाली.

“गप बस. पलटणीत दर आठवड्याले जवानांचे पाय पाहत होतो मी.” त्यांनी चष्मा वर केला. “ह्या चिखल्या नाही वं. चिखल्यात बोटामधली कातडी पांढरी पडते. हे तं लाल दाणे आहे, अन्‌ ही वाकडी रेघ पाहा. आत काहीतरी गेलं आहे. आजच्या आज दवाखान्यात चाल.”

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं, शौच तपासलं. हिमोग्लोबिन सात निघालं. रक्तात इओसिनोफिल वाढलेल्या होत्या आणि शौचात जंतांची अंडी होती. माझी बाजू अखेर कागदावर आली.

“किती दिवसांपासून खाज आहे?” मॅडमनी विचारलं.

“पाच महिने. ट्यूब लावत होती मी.”

“ट्यूबनं खाज झोपली, जंत थोडीच झोपले? आज ही खाज उठली म्हणून तू इथे आलीस. तिनंच वाचवलं तुला.”

हे वाक्य माझं आहे. आयुष्यात मला मिळालेलं एकच, आणि ते मी कोणाला देणार नाही.

जंतांची गोळी मिळाली, लोहाच्या गोळ्या मिळाल्या, खोक्यातले बूट त्याच दिवशी पायात आले. पण ग्राउंड बारा दिवसांवर होतं आणि सात हिमोग्लोबिनवर पळायचं नाही, असं मॅडमनी बजावलं. घरी आल्यावर वडिलांपुढे गोपिकाचा बांध फुटला. “बाबा, वर्ष गेलं माझं.”

नत्थूभाऊ बराच वेळ रिपोर्टचा कागद उलटसुलट करत राहिले. त्यांना तो वाचता येत नव्हता.

“हे वर्ष तं तू आजारी होती,” ते म्हणाले. “ते काहून धरायचं? तुझं वर्ष आता सुरू होते.”

मित्रांनो, मी पाच महिने आधी ओरडले होते. कोणी ऐकलं असतं तर ती ग्राउंडच्या दिवशी पळाली असती, हा सल माझ्या मनातून जात नाही. म्हणून हात जोडून सांगते, जोडायला हात नाहीत तरी सांगते. ओल्या मातीत अनवाणी जाऊ नका, उघड्यावर बसू नका. आणि शरीर बोलू लागलं की त्याच्या तोंडात घाईने बोळा कोंबू नका. आधी विचारा, काय झालं म्हणून. आमच्यातली एखादी फार दुरून आणि फार एकटीने सांगत असते.

ग्राउंडच्या दिवशी तिच्या मैत्रिणी पळत होत्या, तेव्हा गोपिका ओट्यावर पाय पसरून बसली होती. तिचं लक्ष कशातच नव्हतं. तेवढ्यात काहीतरी टोचलं आणि मी सवयीने चार दाणे फोडले. तिचा हात झपकन खाली आला. नखं मला लागणार, एवढ्यात तो थांबला. तिने पाय मांडीवर घेतला, उजेडाकडे वळवला, बोटं फाकवली, आणि माझ्या जागेकडे टक लावून बघत राहिली. इतक्या वर्षांत नखं लावण्याआधी माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं.

साधा डास होता, मित्रांनो. तरी तिने आधी बघितलं.