सोमवारचं शटर

"सकाळी खिडकीचं शटर वर घे हं, नाहीतर गाव बेल वाजवेल," स्टुटगार्टजवळच्या त्या छोट्या गावातल्या घराची किल्ली देताना आमच्याआधी तिथे राहणाऱ्या लतिकाताई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं.

एकदा माझा नवरा जयंत एस-बान लोकलनं कामावर गेला आणि मी तापानं फणफणत, तान्ह्या इराला घेऊन पडून राहिले; शटर खालीच राहिलं. बेल वाजली. दारात समोरच्या बेकरीवाल्या फ्राऊ श्वेंक, हातात गरम सूप.

"आळशी आहेस की आजारी, ते बघायला आले."

त्या बेकरीच्या वर एकट्या राहतात. एरवी गिऱ्हाइकं असतात. सोमवारी बेकरी बंद. म्हणून दर सोमवारी मी त्यांच्या खिडकीकडे बघते.

सध्या आम्ही पुण्यात आहोत. सोमवारी तिकडून जाणार असाल, तर स्टेशनसमोरच्या बेकरीवरची खिडकी बघाल का? शटर खाली दिसलं, तर बेल वाजवा.