त्राटिकेचा मान

रविवारी दुपारी दोन वाजता शेणवे गावापलीकडच्या आमच्या वाडीत, भगीरथच्या ओटीवर पंच बसले. मला खुंटीवरून उतरवून त्यांच्या मधोमध घोंगडीवर ठेवलं. मी अजून या घराचा आहे की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी मुखवटा आहे. त्राटिकेचा. बाहेर आलेले दात, वटारलेले डोळे, लाल जीभ. मला पाहून लहान मुलं रडली की माझं काम चांगलं झालं असं समजतात.

मला भगीरथच्या आजोबांनी, बुधूने, पांगाऱ्याच्या ओंडक्यातून कोरलं. लाकूड तानसा तलावाच्या बाजूच्या रानातलं. पांगारा हलका असतो. जड मुखवटा घालून कोणी नाचू शकत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवांची आणि राक्षसांची सोंगं एकामागून एक निघतात आणि संबळाच्या तालावर नाचतात. प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराचा. त्राटिकेचा मान बुधूच्या घराचा. बुधू नाचला, त्याचा मुलगा नाचला, आता भगीरथ नाचतो. बोहाड्याच्या आधी तो मला नवा रंग देतो. नाचताना त्याचा घाम माझ्या आतल्या बाजूला मुरतो. तिथलं लाकूड त्यामुळे काळं आणि गुळगुळीत झालं आहे. वर्षाचे बाकीचे दिवस मी खुंटीवर असतो. मग माझ्या दातांत कोळी जाळी विणतात आणि कोणी लक्ष देत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार ओमकारबद्दल आहे.

ओमकार शहापूरचा. गोड बोलणारा, हातात मोबाइल, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी. गेल्या हिवाळ्यात तो आला, चहा प्यायला आणि माझे फोटो काढले. एका घराचा मान दुसऱ्याकडे जातो का, असं त्याने विचारलं. भगीरथला आनंद झाला. एवढं खोलात शिरून कोणी विचारत नाही. जातो, तो म्हणाला. मान देणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातात नारळ ठेवायचा आणि तोंडाने "मान दिला" असं म्हणायचं. कागद नाही, सही नाही. एकदा बोललं की झालं.

"काका, एकदा करून दाखवा ना," ओमकार म्हणाला.

भगीरथने घरातून नारळ आणला, ओमकारच्या हातात ठेवला आणि हसत म्हणाला, "त्राटिकेचा मान दिला." मोबाइल चालू होता.

पुढे काय झालं ते मला भगीरथच्या मुलीमुळे कळलं. रुपाली मुरबाडला कॉलेजात जाते. माणसांनी फोटो टाकायची, गप्पा मारायची अशी काही नवी ठिकाणं इंटरनेटवर निघाली आहेत. त्यांना कोणी एक मालक नाही, असं ती ठिकाणं अभिमानाने सांगतात. तिथे टाकलेल्या चित्राचा एनएफटी करून विकता येतो. एनएफटी म्हणजे काय? चित्र सगळ्यांना दिसतं, कोणीही उतरवून घेऊ शकतो. विकत घेणाऱ्याला मिळते ती फक्त "हे माझं" असं सांगणारी एक नोंद. ती हजारो कॉम्प्युटरवर एकाच वेळी राहते आणि पुसता येत नाही. न पुसता येणारी बढाई विकत घ्यायला लोक रांग लावतात, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

ओमकारने माझा फोटो आणि भगीरथची ती छोटी चित्रफीत जोडून एनएफटी केला. नारळ हातात पडतो आणि "त्राटिकेचा मान दिला" एवढंच ऐकू येतं. आधीचं "करून दाखवा" त्याने कापलं होतं. तो एनएफटी विकला गेला. घेणाऱ्याचं नाव कोणाला ठाऊक नाही. नावाच्या जागी चष्मा घातलेल्या मांजराचं चित्र आहे. मांजराने तो पुढे विकला. नव्या मालकाने खाली लिहिलं, त्राटिकेचा मान आता माझा.

हे भगीरथच्या चुलतभावाने, कोंडूने, पाहिलं. भगीरथकडून मान गेला तर तो कोंडूच्या घराकडे येतो, असं कोंडूचं म्हणणं आहे. त्यानेच पंच बसवले.

"नारळ दिला, तोंडानं बोलला. सगळ्या जगानं बघितलं," कोंडू म्हणाला. "आता मान याचा नाय."

"मी दाखवत व्हतो रे," भगीरथ म्हणाला.

"आपल्यात दाखवायला म्हणून नारळ कोण देतं?"

खरंच, आपल्यात कोणी देत नाही.

शेजारची सकुबाई दारात उभी होती. "मंग त्या मांजराला बोलवा की," ती म्हणाली. "बघू त्राटिका कशी नाचवतंय." सगळे हसले. कोंडूही हसला, पण मागे हटला नाही.

ओमकारला बोलावलं होतं आणि तो आला होता, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. नोंद पुसता येत नाही, असं त्याने पंचांना सांगितलं. तक्रार कुठे करायची, असं रुपालीने विचारलं. कुठेच नाही, त्या ठिकाणांना कोणी मालक नसतो, असं तो म्हणाला.

"मालक नाय, तर आमचा मान विकला कोणी?" रुपाली म्हणाली.

ओमकारने पिशवीतून नारळ काढला. तो वाटेत घेऊन आला होता. "काका, मी मान परत देतो," तो म्हणाला आणि उठला. भगीरथने हात पुढे केले.

"थांब रे," कोंडू म्हणाला. "तू विकलास ना? मंग तुझ्याजवळ काय राहिलंय द्यायला?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. मुद्दा बरोबर होता. ज्याच्याकडे मान आहे त्यानेच तो परत द्यायचा, अशी रीत आहे. भगीरथचे हात काही वेळ तसेच पुढे राहिले, मग त्याने ते मांडीवर ठेवले. पंचांनी ठरवलं ते एवढंच: ज्याच्या नावावर आज नोंद आहे, त्याने येऊन नारळ द्यावा. तोपर्यंत त्राटिकेला ना भगीरथने हात लावायचा, ना कोंडूने.

मित्रांनो, मुखवट्याला माणूस लागतो. आत कोणाचा श्वास नसेल तर मी फक्त कोरलेलं लाकूड आहे. कोणी हौसेने तुम्हाला आपली रीत दाखवली, तर ती बघा, विचारा, शिका. पण तिचा एक तुकडा कापून बाजारात नेऊ नका. घेणाऱ्याला तिचा काही उपयोग नसतो आणि देणाऱ्याचं घर रिकामं होतं.

बोहाडा पुढच्या पंधरवड्यात आहे. बाकीची सोंगं रंगवायला घेतली आहेत. रुपालीने नोंदीवरच्या माणसाला निरोप पाठवला: या, जेवा आणि आमचा मान परत द्या. उत्तर आलं नाही. आज सकाळी तिने पुन्हा पाहिलं तेव्हा त्या जागी तिसरंच नाव होतं. तिने त्यालाही तोच निरोप पाठवला आहे. त्याने तो वाचला, एवढं मोबाइलवर दिसतं.