खंडेनवमीची फटफटी

"वैनी, ते मुसळ द्या जरा."

"मुसळाला कुंकू लावलंय आज. हात लावून तर बघ," ताराबाईनं चुलीपासून न उठताच दिराला सुनावलं.

भरमूनं मुसळाचा नाद सोडला. अंगणात त्याची फटफटी पुढचं चाक काढून, पोटाखाली दगड घेऊन उभी होती. मिलिटरीच्या लिलावात घेतलेली, खाकी रंगाची. लुगड्यांचे गठ्ठे निपाणीच्या बाजाराला पोचवायला म्हणून त्यानं ती आणली. पण पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या, धक्का झेलणाऱ्या नळ्यांतून तेल गळायचं. ते ब्रेकवर उतरलं की ब्रेक असून नसल्यासारखा.

दुरुस्तीला दिवसही असा निघाला की बोलायची सोय नाही. खंडेनवमी! वडगावात घरोघरी माग थांबलेले. पाने, हातोड्या, कात्र्या, सगळं झेंडूची फुलं लेवून देवापुढं मांडलेलं. भरमूची दोन-चार हत्यारंही त्यातच. अशा दिवशी शेजाऱ्याकडं पाना मागायला जावं, तर तो चहा पाजेल, पाना देणार नाही. संकेश्वरच्या सर्व्हिस मोटारीसुद्धा हार घालून अड्ड्यावर उभ्या होत्या.

आणि आजच संकेश्वर गाठायचं होतं. काल संध्याकाळी बाजारच्या माणसानं निरोप आणला होता: जोतिबाच्या पलटणीतला शामू ब्रह्मदेशातून संकेश्वरला परत आलाय. पायानं अधू झालाय. दसऱ्याला पहाटेच त्याला इलाजासाठी पुण्याला नेणार. जोतिबाबरोबर तिथल्या नदीवर शेवटी तोच होता.

जोतिबा म्हणजे ताराबाईचा नवरा, भरमूचा थोरला भाऊ. लढाईत फटफटीवरून टपाल पोचवायचा. दोन वर्षांमागं सरकारनं एवढंच कळवलं, की माणूस सापडत नाही. मेला असंही नाही, आहे असंही नाही. ताराबाईचं कुंकू तेवढ्याशा आधारावर टिकून होतं.

भरमू सकाळपासून भिडला होता. ओली दोरी नळीभोवती गुंडाळून, तिच्यात काठी अडकवून पिळत पिळत त्यानं नळीच्या तोंडाचं आट्यांचं कडं सोडवलं. आतलं तेल अडवणारं, आता कुजलेलं चामड्याचं वाशर वहिनीच्या केसांतल्या आकड्यानं उकरून काढलं. खासबागच्या चांभारानं गेल्या आठवड्यात तीन नवी वाशरं कापून दिली होती, ती शेंगतेलात भिजत पडली होती. आता वाशर सगळीकडून सारखं आत बसवायचं, एवढंच राहिलं होतं. त्यासाठी नेमक्या मापाची नळी हवी. त्यानं कपडे वाळत घालायच्या वलणीचा बांबू कापून तुकडा केला, वाशरावर ठेवला आणि वरून फडक्यात गुंडाळलेला दगड हाणला.

बांबू एका बाजूनं फुटला. वाशर तिरकं घुसलं आणि फाटलं.

"गेलं," भरमू म्हणाला. "आता दोनच हाईत. दोन नळ्यांना दोन."

बोलता बोलता त्याची नजर देवघराकडं गेली आणि लगेच परत आली. ताराबाईनं ती पाहिली. नजर कशावर गेली हेही तिला ठाऊक होतं. जोतिबाच्या हत्यारांत पितळेची एक नळी होती. कॅम्पात असताना अशाच फटफटीच्या या कामासाठी त्यानं ती मुद्दाम बनवून घेतली होती.

शेवटच्या रजेवरून निघताना तो हत्यारांची गुंडाळी तिच्या हातात देऊन गेला होता. "पूजा कर. आलो की मीच उचलतो." ज्याची हत्यारं त्यानंच दसऱ्याला उचलायची, ही या घरची रीत. पहिल्या दसऱ्याला सगळ्यांनी आपापली उचलली. जोतिबाची पाटावरच राहिली. ताराबाई रोज भोवतीनं पुसून घेई, पण पाट हलवत नसे. जोवर ती तिथं आहेत तोवर माणूस वाटेवर आहे, असं तिनं मनाशी धरलं होतं. माग थांबला की तिला आतून लोखंडाला लोखंड लागल्याचा आवाज यायचा. धावत जाऊन बघावं तर उंदीर, नाहीतर तोही नाही. भरमूची फटफटी गल्लीत शिरली की तिचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडं जाई, आणि दारात दीर बघून तिला स्वतःचीच लाज वाटे. असलं कुणाला सांगायचं? पण तो हात भरमूच्या नजरेतून सुटला नव्हता.

"मी असाच जातो वैनी," भरमू उठत म्हणाला. "जुनंच वाशर घालतो. हळू हाकीन."

"आन वंटमुरीच्या घाटात?"

"मागचा ब्रेक हाय की."

"नगं रं बाबा! एक गेला तेवढा बास झाला!"

बोलून झाल्यावर तिनं ऐकलं आपण काय म्हणालो ते. इतक्या दिवसांत 'गेला' हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. भरमूनं हातातलं जुनं वाशर खाली ठेवलं.

ताराबाई उठली. हात धुतले, पदराला पुसले आणि देवघरात गेली. नळी वाळल्या हळदी-कुंकवानं पाटाला धरून बसली होती. तिनं जोर लावून ती सोडवली. तशीच अंगणात येऊन तिनं ती भरमूपुढं धरली.

"वैनी, ही तर दादाची—"

"धर म्हणते न्हवं!"

पितळेची नळी वाशरावर चपखल बसली. भरमूनं चारी अंगांनी हलके हलके ठोकत ते आत नेलं, मग दुसरं. तेल ओतलं, चाक चढवलं. हँडलवर भार देऊन गाडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. बोट फिरवून पाहिलं, चाकाच्या दोन्ही नळ्या कोरड्या होत्या.

पितळेची नळी धोतराला पुसून तो देवघरात जोतिबाच्या पाटाकडं निघाला.

"तिकडं कुठं?" ताराबाई म्हणाली. "तुझ्या हत्यारांत ठेव. उद्यापासनं समदी तूच उचलायची."

त्यानं ती आपल्या हत्यारांत ठेवली. बाहेर येऊन म्हणाला, "चला की. मागं बसा. अंधाराआत पोचू."

"मी न्हाय येत."

"आवं, तुमच्यासाठीच तर चाललोय! मग शामूला काय इचारू? नदीवर काय झालं, कुनी बघितलं—"

"त्यातलं काय बी नगं." ती उंबऱ्यावर बसली. "त्या दिवशी तुझा दादा जेवला हुता का, तेवढं इचार. उपाशी लई चिडायचा."

भरमूनं मान हलवली. गाडी त्यानं दारात सुरू केली नाही. दोन्ही हातांनी ढकलत, माग थांबलेल्या त्या गल्लीतून तो ती पार सडकेपर्यंत घेऊन गेला.