स्वर्गातली लाईट

जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या खोलीत त्या सकाळी इतकी माणसं कोंबली होती, की शिंकायचं तर शेजाऱ्याची परवानगी काढावी लागावी. सगळ्यांचे डोळे उंच लाकडी पेटीवरच्या काळ्या फोनवर खिळलेले. पेटीवर रेशमी कापड, शेजारी आवाज मोठा करणारा कर्णा, आणि फोनची वायर मधोमध कापलेली. ते कापलेलं टोक बिनतार महाराज घटकाघटकाला चिमटीत उचलून दाखवत. जणू मेलेल्या उंदराची शेपूट.

"बघा! ना तार, ना खांब! या इमारतीतला फोनच्या तारेचा तुकडा न् तुकडा उपटून नेला, ते तुम्हीच डोळ्यांनी पाहिलंत. तरी माझा फोन वाजतो! विज्ञानाला जिथं धाप लागते, तिथं माझी रिंग सुरू होते! स्वर्गाला कोड नाही, रोमिंग नाही, आणि राँग नंबर तर नाहीच नाही!"

ट्रिंग! फोन वाजला. लोकांनी हात जोडले. एका आजोबांनी सवयीनं स्वतःचा खिसा चाचपला.

मागच्या बाकावर ऑपरेटरमावशींनी नाक मुरडलं. याच खोलीत एकतीस वर्षं कानाला यंत्र लावून त्यांनी सगळ्यांची बोलणी जोडली होती. कुणाचं जुळतंय आणि कुणाचं फाटतंय, हे घरच्यांच्या आधी त्यांना कळायचं. आज त्या आल्या होत्या धाकट्या बहिणीसाठी. बहिणीचे यजमान घड्याळजी सात महिन्यांपूर्वी वारले, आणि गेल्या आठवड्यात त्यांचे स्वर्गातून चक्क दोन फोन आले. दोन्ही वेळा एकच निरोप: दुकान महाराजांना देऊन टाक. बहिणीचं पोट त्या दुकानावर. नवऱ्याच्या हाताखाली शिकून घड्याळं आता तीच दुरुस्त करायची. दुकानाची किल्ली या क्षणी तिच्या मुठीत होती.

"अगं, जिवंत होता तेव्हा हा माणूस फोन घरीच विसरून बाहेर जायचा," मावशी कुजबुजल्या. "आणि आता वरून आठवणीनं करतो?"

"वर त्यांना वेळ असतो गं ताई."

कर्ण्यातून आवाज आला. "लाड...के! कशी आ...स? किल्ली... राजांना... टाक."

"आवाज किती बसलाय हो तुमचा!" बहीण कळवळली.

पलीकडे शांतता. मग "इथली... हवा मानव...ही."

"उत्तर उशिरा का येतंय?" मावशींनी विचारलं.

महाराज गरजले, "स्वर्ग काय पलीकडच्या गल्लीत आहे? शब्दाला यायला वेळ नको?"

मावशींचे कान टवकारले. त्यांच्या काळात लाईन खरखरायची, गुणगुणायची, कधी कधी तर दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकवायची. पण उंदरानं कुरतडल्यासारखे शब्द कधी तुटत नव्हते.

एवढ्यात पंखा थांबला. लाईट गेली. आणि घड्याळजी "कि" म्हणता म्हणता गप्प झाले.

"आत्म्याला गहिवरून आलं!" महाराजांनी वेळ मारून नेली.

पाच मिनिटांनी लाईट आली. आणखी दोन मिनिटांनी घड्याळजीही आले.

"कुठं गेला होतात?"

"देवानं... बोलावलं होतं."

मावशी उठल्या. पूर्वी सगळीकडे अंधार झाला तरी फोन चालायचा, कारण एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या तारेतूनच त्याला वीज पुरवायच्या. आणि इथं स्वर्गाचं आणि पंख्याचं बटण एकच? पाणी प्यायच्या निमित्तानं त्या दाराआड गेल्या. मेन स्विच कुठं आहे, हे त्यांचा हात झोपेतही सांगू शकला असता.

खट्. पंखा गेला, घड्याळजी गेले. खट्. पंखा आला, थोड्या वेळानं घड्याळजी आले. खट्. पुन्हा गेले. एकाच माणसाला एका सकाळी इतक्या वेळा मेलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"आत्मा चंचल असतो!" महाराज घाम पुसत म्हणाले.

"आत्मा कसला चंचल? बटण मी दाबतेय!" मावशींनी दाराआडून डोकं काढलं.

बहीण किंचाळली, "ताई, ह्यांना किती वेळा मारशील गं!"

मावशींनी स्विच चालू ठेवला, तरातरा पुढं आल्या आणि पेटीवरचं रेशीम एका हिसक्यात ओढलं. आत दोन छोटे डबे हिरवे दिवे मिचकावत बसले होते. एक डबा बिनतारी नेटचा. दुसऱ्यातून निघालेली बारीक वायर पेटीच्या भोकातून थेट फोनच्या पोटात गेलेली.

"हात लावू नका, जळून जाल!" महाराज ओरडले.

ट्रिंग! मावशींनी फोन उचलला आणि जुन्या सवयीनं गप्प राहून ऐकू लागल्या. कर्णा कडाडला, "दादा, किती वेळा कट करतोस रे? बाईकडून पटकन किल्ली घे. मला अजून दोन आजोबा आणि एक सासू करायचीय!"

मग हशा असा फुटला की खिडकीची तावदानं थरथरली. महाराज मागच्या दाराकडे सरकले, पण तिथं तीन तगडे भक्त आधीच उभे होते. त्यांच्याही मेलेल्या आत्या बोलल्या होत्या.

"बाबांनो, हा इंटरनेटचा फोन," मावशी म्हणाल्या. "आवाजाचे बारीक बारीक तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि नेटवरून सोडून द्यायचे. पलीकडे ते पुन्हा जुळवले जातात. काही वाटेत हरवले की बोलणारा तोतरा होतो. वस्तू वाईट नाही हं! माझी लेक परदेशातून रोज तासभर बोलते ती यावरच, आणि जवळपास फुकट. घर बदललं तरी नंबर तोच राहतो. पण लाईट गेली की हा मुका, नेट दमलं की बोबडा. आणि पलीकडे कोण, कुठं बसलाय, ते नुसत्या नंबरावरून ओळखायला जाऊ नका."

"पण ते मला लाडके म्हणाले ते?" बहिणीनं विचारलं.

"इथं नाव नोंदवताना फॉर्म भरलास ना? त्यात काय काय विचारलं होतं?"

बहीण आठवू लागली. "दिवंगत आपल्याला काय म्हणत..." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ते बोललेच नाहीत?"

मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "नाही गं."

बहिणीनं पदरानं डोळे पुसले, आणि पुसता पुसताच तिला हसू फुटलं. "ताई, ते मला जन्मात कधी लाडके म्हणाले नव्हते! 'अगं ए'च्या पुढं गाडी गेली नाही कधी. फॉर्मची जागा रिकामी दिसायला नको, म्हणून मीच ठोकून दिलं होतं."

"मग पहिल्याच फोनला कळलं नाही तुला?"

"कळलं होतं. पण ऐकायला गोड वाटत होतं गं."

सगळी गोष्ट इथंच आहे, मंडळी. आपल्याला फसवणारा बाहेरून येतो, पण त्याला दार आपलीच इच्छा उघडून देते. गेलेल्या माणसाची आठवण जपा, त्याच्यासाठी पोटभर रडा. पण तो फोनवर बोलू लागला, तर फोनचा प्लग कुठं आहे ते आधी विचारा. विचारल्यानं कुणाची श्रद्धा बुडत नाही. बुडालीच तर ज्याचं दुकान खोट्यावर चालतं त्याचं बुडतं.

बहिणीनं मात्र तासाभरात आपलं दुकान उघडलं.