आओनोहाराचा कागद

लोकांना सुमो पैलवानाचं पोट दिसतं, मला मान दिसते. सत्तावीस वर्षं मी तालमीत पैलवानांच्या पाठीमागे बसून त्यांचे केस बांधतो आहे, त्यामुळे कोण किती थकलाय हे मला वस्तादांच्या आधी कळतं. आओनोहाराची मान त्या सप्टेंबरात पार उतरली होती.

आओनोहारा हे त्याचं आखाड्यातलं नाव. घरचं नाव गान्सुख, मंगोलियातल्या खेंतीचा. सोळाव्या वर्षी आला तेव्हा मासे बघून तोंड वाकडं करायचा. पहाटे उठून संडास धुवायचा, वरच्यांच्या पाठी चोळायचा आणि रडायला माझ्या खोलीत यायचा. मी काही विचारत नसे, मलाही कामं होती. पुढे तो चढला. अकरा वर्षं पहिल्या वर्गात टिकला, एकदा तर स्पर्धाच जिंकता जिंकता हातातून निसटली. आता पस्तिशीला तो दुसऱ्या वर्गाच्या तळाशी होता आणि उजव्या गुडघ्यावर दोनदा सुरी चालली होती.

"सोड की आता," असं त्याला सगळे सांगून चुकले होते. तो सोडत नव्हता एका कागदासाठी. निवृत्तीनंतर वस्ताद म्हणून सुमोतच राहायचं तर जपानचं नागरिकत्व लागतं, आणि तेही निवृत्त होण्याआधी. मंगोलियाचं त्याने सोडलं होतं. ते सोडणं उन्हाळ्यात मंजूर होऊन आलं. जपानचं अजून यायचं होतं. म्हणजे हा दीडशे किलोचा माणूस त्या महिन्यात कुठल्याच देशाचा नव्हता. गावाकडे त्याचा बाप जुना पैलवान, जिल्ह्याचा 'हत्ती' हा किताब मिळवलेला. पोराने नागरिकत्व सोडायची सही केल्याचं कळलं त्या दिवसापासून म्हातारा फोनवर आला नाही.

त्यात आमच्या वस्तादांची अट. ते सगळ्यांसमोर बोलले होते, "पहिल्या वर्गात खेळलेला माझा पैलवान तिसऱ्या वर्गात झाडू मारणार नाही. घसरलास, की त्याच दिवशी निवृत्त व्हायचं. तालमीची अब्रू आहे." अब्रू बोलायला सोपी असते, गुडघा दुसऱ्याचा असला की.

पंधरा दिवसांत आठ कुस्त्या जिंकल्या की जागा राहते. चौदाव्या दिवशी त्याच्या सात जिंकून सात हरून झाल्या होत्या.

शेवटच्या दिवशी दुपारी आखाड्यामागच्या खोलीत मी त्याच्या केसांना तेल लावत होतो.

"काका, जरा हळू ओढा. तिथे केसच उरले नाहीत."

"आहेत तेवढे पुरतील. कागदाचं काय?"

"सकाळी फोन केला होता. बाई म्हणाली, फाईल पुढच्या टेबलावर गेलीय."

"किती टेबलं आहेत त्यांच्याकडे?"

"माझ्या डोक्यावरच्या केसांपेक्षा जास्त," तो म्हणाला आणि हसला. मग म्हणाला, "आज सुगार आहे समोर."

सुगार एकवीस वर्षांचा, दुसऱ्या तालमीचा, पण मुलूख एकच, खेंतीच. लहानपणी आओनोहाराच्या बापाच्याच हाताखाली कुस्ती शिकलेला. त्यालाही आठवीच कुस्ती हवी होती.

"बोललास त्याच्याशी?"

"काय बोलू? पोरा, माझ्या म्हातारपणासाठी पड, म्हणू?" त्याची मान ताठ झाली. "असं विचारू नका परत, काका."

मला माझीच लाज वाटली. मी गाठ मारली.

कुस्ती मी खोलीतल्या टीव्हीवर पाहिली. दोघं धडकले. आओनोहाराने लंगोट पकडला, रेटा दिला, सुगारला पार रिंगणाच्या कडेला मातीत पुरलेल्या दोरापर्यंत नेला. त्याचा पाय बाहेर पडायला आणखी वीतभर हवं होतं. तेवढं रेटायला उजवा पाय लागला असता, आणि उजवा पाय जागेवर नव्हता. सुगारने त्याला फिरवला. एवढा मोठा देह गुडघ्यावर आला आणि मातीत हात टेकला.

हरलेल्याने उठावं, आपल्या बाजूला जाऊन वाकावं आणि उतरावं, एवढीच आमची रीत. शेंबड्या पोरालाही माहीत असते. एकोणीस वर्षं त्याने ती चुकवली नव्हती. आज तो उठला, धापा टाकत सरळ सुगारकडे चालत गेला. आणि त्या सुगारने, काही कळायच्या आत, उजवा हात आडवा वर केला. आओनोहारा वाकला आणि त्या हाताखालून गेला.

मंगोलियात हरलेला पैलवान तसा जातो. मोकळ्या माळावर, जिंकणाऱ्याच्या हाताखालून. इथे कुणी जात नाही. सगळं सभागृह गप्प झालं, मग कुणीतरी हसलं. पंच जागच्या जागी उभा. सुगारने हात झटकन खाली घेतला, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आओनोहाराला तेव्हा कुठे कळलं आपण कुठे आहोत ते. तो मागे फिरला, आपल्या बाजूला गेला, वाकला, उतरला.

"मुद्दाम केलंस?" वस्ताद खोलीत येऊन ओरडले. "वरून, संघटनेचं बोलावणं आलंय! काय सांगू मी त्यांना?"

"मुद्दाम नाही, वस्ताद. थकलो होतो."

"थकलास म्हणून देश विसरलास?"

वस्तादांनी निवृत्तीचा कागद पुढे केला, त्यावर त्याने सही केली. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून कंगवा पडला.

केस सोडत असताना त्याचा फोन वाजला. नाव बघून तो ताठ बसला. मंगोल भाषा मला अर्धीमुर्धी कळते. म्हातारा बोलत होता, हा नुसता हुंकार देत होता.

"काय म्हणाले?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"सुगारला शिव्या घातल्या. म्हणाले, हात किती खाली धरला गाढवाने, माझ्या पोराला किती वाकावं लागलं." तो थांबला. "आणि म्हणाले, घरी ये."

"मग जा ना!"

"कुठल्या पासपोर्टवर, काका?"

कागद एकोणीस दिवसांनी आला. शिक्का, सही, नवं जपानी नाव, सगळं नीट. वस्ताद व्हायला तो आता काही कामाचा नव्हता. मग नवा लाल पासपोर्ट व्हायला आणखी तीन आठवडे गेले. विमानतळावर त्याला सोडायला मी एकटाच गेलो. निवृत्तीच्या समारंभात कापायचे ते केस अजून कापले नव्हते, लोक वळून बघत होते.

काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "जपानी पाहुण्यांना तिथे तीस दिवस राहता येतं. परतीचं तिकीट आहे ना?"

"आहे," तो म्हणाला.

पुढे सरकल्यावर मी विचारलं, "परत येऊन करणार काय तू इथे?"

"काही नाही. पण परतीचं तिकीट असल्याशिवाय बापाकडे जाऊ देत नाहीत," तो म्हणाला आणि लंगडत आत गेला.