त्यागाचा रकाना

पंढरीनाथ जावयाकडे हसून मान डोलावत होते आणि मनातल्या मनात त्याची सालटी काढत होते. मोठ्याने बोलणं त्यांना उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं. पुण्यातल्या क्लबात वर्षानुवर्षं क्रिकेटचा स्कोअर लिहिला, तोही स्कोअररला कोणी बोलायला लावत नाही म्हणून.

जपानातल्या सेंदाईच्या स्टेडियममध्ये दुपारचा सामना चालू होता. प्रल्हादने सासऱ्यांच्या मांडीवर बेसबॉलचं स्कोअरबुक ठेवलं होतं आणि शेजारी बसून अक्कल पाजळत होता. हे आकडे कळणारा मराठी माणूस जगात आपण एकटेच, असा त्याचा आव होता. पलीकडे पंढरीनाथांची मुलगी सुचेता घरून आणलेला बेन्तोचा डबा खात होती. तिला त्सुकुबा शहरातल्या एका संस्थेत संशोधकाची जागा मिळाली होती. होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. पण सकाळीच प्रल्हादने जाहीर केलं होतं, "माझं इथलं प्रोजेक्ट संपेपर्यंत थांबू या. तुला काय, मिळेल परत." मुंबईची नोकरी सोडून ती त्याच्यामागे आली, तेव्हाही तो हेच म्हणाला होता. भूकंपानंतर नागोयाहून तिला नोकरीचं बोलावणं आलं, तेव्हाही.

मैदानात एका फलंदाजाने बॅट नुसती आडवी धरून चेंडू पुढ्यात टाकला. तो बाद झाला, पण पहिल्या बेसवरचा गडी दुसऱ्यावर पोचला. पंढरीनाथांनी क्रिकेटच्या सवयीने त्याच्या नावापुढे शून्य मांडलं.

"चुकलात, बाबा," प्रल्हाद हसला. "हा बंट. दुसऱ्याला पुढे सरकवायला तो मुद्दाम बाद झाला. त्याला त्यागाचा वेगळा रकाना. ही खेळी मोजतच नाहीत, त्यामुळे सरासरीला धक्का लागत नाही. जपानी लोक याला फार मान देतात."

"अस्सं. आणि प्रल्हादराव, दर वेळी ह्यालाच बंट करायला लावलं तर?"

"तर मोजलेली खेळी एकही नाही. सरासरी निघणारच नाही."

"म्हणजे बिचाऱ्याला खेळता येतं की नाही, ते कळायचंच नाही."

"तसं नाही हो. ज्यांना मोठा फटका जमत नाही, त्यांनाच लावतात."

सुचेताच्या चॉपस्टिक्स थांबल्या. तिने डबा खाली ठेवला आणि पर्समधून फोन काढला.

"कोणाला लिहितेयस?"

"त्सुकुबाला. येतेय म्हणून."

"अगं, पण सकाळी बोललो होतो ना आपण?"

"तू बोलला होतास. मी डबे भरत होते." तिने मेल पाठवून फोन पर्समध्ये टाकला आणि पुन्हा डबा उचलला.

प्रल्हादने सासऱ्यांकडे पाहिलं, जणू मुलीला आवरणं हे त्यांचंच काम. "बाबा, ऐकलंत? आता मी काय करायचं?"

पंढरीनाथांचे कान तापले. आपण मध्ये पडावं का, शोभेल का, असा नेहमीचा घोळ मनात सुरू झाला. हाताला काहीतरी हवं म्हणून त्यांनी खोडरबराने मघाचं शून्य पुसलं.

"पुढच्याला पुढे जाऊ द्यायचं, प्रल्हादराव," ते वहीकडे बघतच म्हणाले. "सरासरीला धक्का लागत नाही म्हणालात ना."